हाडातलं प्रथिन, कुपीतलं प्रथिन



बोर्ली पंचतनसारख्या गावात विज्ञानाचं संमेलन भरवण्याचं धाडस तुम्ही केलंत आणि त्याचं अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षानं साऱ्या विज्ञानाचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडची रीत आहे. ती मोडण्याची परवानगी द्या. आज मी एकाच पदार्थाबद्दल बोलणार आहे: हाडाच्या आधारद्रव्यातलं, पण हाडाबाहेर, प्रयोगशाळेत तयार केलेलं प्रथिन.

आधी हाड पाहू. त्याच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. उरलेल्यात पाणी आणि सेंद्रिय आधारद्रव्य. त्या आधारद्रव्याचा जवळजवळ नव्वद टक्के भाग कोलॅजनचा असतो. राहिलेल्या थोडक्या जागेत ऑस्टिओपॉन्टिन, ऑस्टिओकॅल्सिन, ऑस्टिओनेक्टिन अशी प्रथिनं दाटीवाटीनं राहतात. खनिजाचे स्फटिक कुठे वाढावेत, कुठे थांबावेत, पेशींनी कुठे चिकटावं, यात त्यांचा हात असतो.

हे आधारद्रव्य डोळ्यांनी पाहता येतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. दुसरं हाड भट्टीत भाजा. सेंद्रिय भाग जळून जातो आणि हाड बोटांनी चुरडता येतं. किनाऱ्यावरच्या मुलांना आणखी एक सोय आहे. मुशीचा सांगाडा कूर्चेचा आणि सुरमईचा हाडांचा, हा फरक त्यांच्या ताटातच असतो.

असंच आम्लानं खनिज काढलेलं हाड अमेरिकेतले शल्यचिकित्सक मार्शल उरिस्ट यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं. जिथे हाडाचं काही काम नाही, तिथे नवं हाड तयार झालं. 1965 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आधारद्रव्यात हाड घडवण्याचा निरोप देणारं काहीतरी आहे, हे स्पष्ट झालं. पण ते इतकं कमी होतं की ढीगभर हाडांतून कणभर मिळावं. 1988 साली हा निरोप देणाऱ्या प्रथिनांची जनुकं हाती आली आणि हाडं कुटण्याची गरज संपली. जनुक दुसऱ्या पेशीत घालायचं, ती पेशी वाढवायची आणि तिनं बनवलेलं प्रथिन वेगळं करून शुद्ध करायचं. यालाच आपण पुनर्संयोजित प्रथिन म्हणतो.

माझा खरा मुद्दा इथे सुरू होतो. ही दुसरी पेशी कोणती? स्वस्त आणि जलद मार्ग म्हणजे ई. कोलाय हा जिवाणू. महाग मार्ग म्हणजे सस्तन प्राण्यांच्या पेशी. दोन्हींतून अमिनो आम्लांची साखळी तीच मिळते, पण पदार्थ तोच मिळत नाही. पेणच्या कार्यशाळेत साच्यातून निघालेली गणेशमूर्ती आपण पाहिली आहे. आकार पुरा, पण रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. जिवाणूतून आलेलं प्रथिन साधारण त्या अवस्थेत असतं. मानवी दुधातल्या ऑस्टिओपॉन्टिनवर 36 ठिकाणी फॉस्फेट आढळले आहेत, शिवाय शर्करेच्या जोडण्या वेगळ्या. मानवी ऑस्टिओकॅल्सिन फक्त 49 अमिनो आम्लांचं आहे. खनिजाला धरण्यासाठी त्यात के जीवनसत्त्वाच्या मदतीनं बदल व्हावे लागतात. ते करणारं विकर ई. कोलायकडे नाही.

म्हणून जिवाणूतलं प्रथिन टाकाऊ ठरतं का? नाही. पेशी ऑस्टिओपॉन्टिनला कशी चिकटते, एवढंच पाहायचं असेल तर ते पुष्कळदा पुरतं, कारण पकडीची जागा साखळीतच आहे. पण ते स्फटिकांची वाढ कशी रोखतं, मुतखड्याला विरोध कसा करतं, असा प्रश्न असेल तर फॉस्फेटविना काढलेला निष्कर्ष लंगडा पडेल. कोणतं प्रथिन वापरायचं, हे प्रश्न ठरवतो. कुपीची किंमत ठरवत नाही.

हा विषय परदेशातला आहे, असं समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात गोपाल कुंडू यांच्या गटानं वर्षानुवर्षं ऑस्टिओपॉन्टिनवर काम केलं. कर्करोगाच्या पेशी हेच प्रथिन वापरून आसपासच्या ऊतींत कशा घुसतात, कोणते संदेश जागे होतात, याचा तो शोध होता. कुंडू यांना 2004 सालचा भटनागर पुरस्कार मिळाला. अशा कामात आणखी एक सापळा असतो. जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन प्रथिनाबरोबर आलं, तर प्रतिकारपेशी त्यानंच खवळतात आणि श्रेय मात्र प्रथिनाला जातं.

प्रयोगशाळेतली कुपी आणि दवाखान्यातलं औषध यांत तर मोठं अंतर आहे. हाड घडवणारं बीएमपी-2 हे पुनर्संयोजित प्रथिन अमेरिकेत 2002 साली कमरेच्या मणक्यांच्या जोडणीसाठी मंजूर झालं. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर जिवावर बेतणारी सूज येऊ शकते, असा इशारा तिथल्याच नियामकांना 2008 साली द्यावा लागला. प्रथिन तेच होतं, जागा बदलली होती. तेव्हा ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेली कुपी कोणी गुडघेदुखीवर सुचवली, तर तिथेच थांबवा.

आता आपल्या गावाचं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वीज किती काळ नव्हती, हे तुम्हाला मी सांगायला नको. उणे वीस अंशांत ठेवायच्या कुप्या इथल्या शाळेनं सांभाळाव्यात, असं मी म्हणणार नाही. माझ्या मागण्या तीनच आहेत. प्रत्येक शाळेत व्हिनेगरमधल्या हाडाचा प्रयोग व्हावा आणि निरीक्षणं मुलांनी स्वतः लिहावीत. महाविद्यालयांत प्रथिनाचं माहितीपत्रक वाचायला शिकवावं: कोणत्या पेशीत बनवलं, शुद्धता किती, एंडोटॉक्सिन किती, सोबत काय मिसळलं आणि गोठवून-वितळवून ते किती टिकतं. आणि विज्ञानावर मराठीत लिहिणाऱ्यांनी ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असं लिहिण्याआधी ते कशावर आणि कशानं सिद्ध केलं, हे विचारावं.

शुद्ध दिसणाऱ्या पांढऱ्या पावडरीलाही तिचं मूळ विचारणारा विद्यार्थी उद्या कोणत्याही प्रयोगशाळेत ताठ उभा राहील. असे विद्यार्थी या तालुक्यातून निघावेत, ही अपेक्षा व्यक्त करतो आणि संमेलनाला शुभेच्छा देतो.