विजेचा बाजार आणि कारंज्याचे ओलित
कारंजा (घाडगे) येथील वीज ग्राहक परिषदेतील अध्यक्षीय भाषण



या परिषदेचे अध्यक्षपद आपण एका निवृत्त अभियंत्याला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. वीज धोरणावरच्या चर्चा बहुधा मुंबई-पुण्यात होतात. तिथे युनिट कितीला पडले यावर तासन्‌तास खल होतो. ते किती वाजता पोहोचले हे क्वचितच कोणी विचारते. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या या संत्र्या-कपाशीच्या मुलखात मात्र तोच पहिला प्रश्न आहे. म्हणून गेल्या तीस वर्षांतल्या सरकारी सुधारणांचा हिशेब मी आज वावरातून मांडणार आहे.

डिसेंबरातले ओलित घ्या. चना फुलावर आहे आणि फिडरची थ्री फेजची पाळी या आठवड्यात रात्रीची आहे. लाइन आली की ऑटो स्विचने मोटार आपोआप सुरू होते. पण स्प्रिंकलरचे पाइप आपोआप पुढच्या पट्ट्यात जात नाहीत. ते उचलायला कुडकुडत बांधावर जावे लागते, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांत तर रानडुकराबरोबर वाघाचीही धास्ती असते. व्होल्टेज पडले की स्टार्टर ट्रिप होतो, आणि दाबून धरला तर मोटारीचे वाइंडिंग जळते. हा सारा खर्च शेतकऱ्याचा. दराच्या कोणत्याही तक्त्यात त्याला रकाना नाही.

आता मागे वळून पाहू. राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांत खांब पोहोचले, हे श्रेय मंडळाला दिलेच पाहिजे. पण गळती, थकबाकी आणि राजकीय दर यांनी ते पोखरले. १९९१ नंतर केंद्राने वीजनिर्मिती खासगी भांडवलाला खुली केली आणि १९९३ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार झाला. बाजार आला असे म्हटले गेले. पण त्या करारात स्पर्धात्मक निविदा नव्हती, इंधनाचा आणि डॉलरचा धोका मंडळाच्या माथी होता आणि वीज उचलली नाही तरी स्थिर आकार चुकत नव्हता. पुण्याच्या प्रयास गटाने या कराराची आकडेमोड करून धोक्याची घंटा वाजवली होती. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने या साऱ्या व्यवहाराची चिरफाड केली.

त्याच सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियाने घाऊक दर मोकळे सोडले आणि किरकोळ दर बांधून ठेवले. वितरण कंपन्या महाग घेऊन स्वस्त विकू लागल्या. २००१ च्या एप्रिलमध्ये पीजी अँड ई या बलाढ्य कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि सरकारलाही स्वतः वीज खरेदीत उतरावे लागले. त्या बाजारात टंचाईचा खेळ करणाऱ्यांत एन्रॉन होतीच. थोडक्यात, मोकळ्या बाजारालाही पहारेकरी लागतो आणि तो आधी नेमावा लागतो.

आपल्याकडे हा पहारेकरी १९९९ मध्ये आला : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. माझ्या मते तीस वर्षांतली ही सर्वांत मोठी सुधारणा. आयोगापुढे कागद मांडायची वेळ आली, तेव्हा वर्षानुवर्षे अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवली जाणारी गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. उरलेली कुठे लपली होती? मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या अंदाजी खपात. चोरी आणि गळती तिसऱ्याची, नाव मात्र शेतकऱ्याचे.

पुढे २००३ चा विद्युत कायदा आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाची महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशी वाटणी झाली. मोठ्या उद्योगांना बाहेरून वीज घेण्याची मुभा मिळाली, २००८ मध्ये वीज एक्स्चेंज सुरू झाली, मुंबईत काही भागांत घरगुती ग्राहकालाही कंपनी निवडता येऊ लागली. कारंज्याच्या पदरात काय पडले? भारनियमन. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही वीज केंद्रे विदर्भात, अंधारही विदर्भात. गळती आणि वसुली पाहून भारनियमनाचे गट पाडले गेले, त्यामुळे वेळेवर बिल भरणाराही शेजाऱ्याने तारेवर टाकलेल्या आकड्यापायी अंधारात बसला.

मग वीज वितरणाच्या खासगी फ्रँचायझीचा प्रयोग झाला. भिवंडीत तो २००७ पासून टिकला. औरंगाबाद आणि जळगावला काही वर्षांतच गुंडाळला गेला. नागपूरच्या तीन विभागांत २०११ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये संपला आणि काम पुन्हा महावितरणकडे आले. कायदा एकच, निकाल मात्र वेगवेगळे. म्हणून ‘खासगी म्हणजे चांगले’ आणि ‘सरकारी म्हणजे आपले’ या दोन्ही घोषणा मला पोकळ वाटतात.

२०२३ च्या जानेवारीत महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या कंपनीला त्याच भागात वितरणाचा समांतर परवाना देण्याविरुद्ध संप केला. अदानी समूहाच्या कंपनीने मागितलेला भाग होता भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल. कारंजा-आर्वीचा फिडर कोणी मागितला नाही, मागणारही नाही. उद्योगांच्या चढ्या दरातून आपल्या शेतीचा दर सावरला जातो. हे उद्योग वेगळे निघाले तर उरलेल्यांचा भार कोण उचलणार, याचे उत्तर परवाना देण्यापूर्वी लेखी मिळाले पाहिजे.

सरकारने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली आहे. दिलासा मोठा आहे. मी तो नाकारत नाही. पण पैसे सरकार देऊ लागले की कंपनीचे खरे गिऱ्हाईक सरकार होते. ज्याचे बिल शून्य, त्याची तक्रारही शून्य धरली जाण्याचा धोका असतो. कायद्याच्या ६५ व्या कलमानुसार अनुदानाची रक्कम सरकारने आगाऊ द्यायची आहे. ती दिली जाते की नाही, यावर आपली नजर हवी.

आशेची जागा आहे ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, तिथून शेतीच्या फिडरला दिवसा वीज, आणि खरेदीचा दर तीन रुपयांच्या आसपास. इथे बाजार आणि शेतकरी यांचे हित प्रथमच एका तारेवर आले आहे. स्पर्धात्मक निविदेने दर उतरला आणि जिथे प्रकल्प उभा राहिला तिथे सूर्यामुळे पाळी दिवसाची झाली. सुधारणा असावी तर अशी.

म्हणून या परिषदेने तीन ठराव करावेत, असे मी सुचवतो. एक, तालुक्यातला प्रत्येक शेती फिडर ठरलेल्या तारखेपर्यंत दिवसा चालावा. दोन, प्रत्येक फिडरवर किती वीज सोडली, किती तास सोडली आणि किती गळली, याचा महिन्याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. तीन, रोहित्र जळाल्यास ग्रामीण भागात ते ४८ तासांत बदलण्याचा आणि उशिराला भरपाईचा जो नियम आहे, तो प्रत्येक उपविभागीय कार्यालयात मराठीत ठळक लावावा.

शेवटी एक विनंती. दरवाढीच्या प्रस्तावाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येते आणि हरकती मागवल्या जातात. उद्योगांचे वकील आयोगापुढे तयारीने जातात; आपण बिल वाढल्यावर चौकात बोलतो. पुढची नोटीस येईल तेव्हा प्रत्येक गावातून निदान एक लेखी हरकत गेली पाहिजे. डीपीचा (रोहित्राचा) क्रमांक, तारीख, किती वाजता लाइन आली, किती वाजता गेली, एवढे चार ओळींत लिहा. त्यासाठीची वही आजपासूनच घाला.