पत्र गटाचं, तर पत्ताही गटाचा

आपल्या मलकापूर तालुक्यात काही सचिवताईंच्या घरी कॉम्प्युटर आलाय. घेतला मुलांच्या अभ्यासासाठी, पण गटाचा हिशेबही आता त्यावरच होतो. बँकेचा ईमेल पत्ता निळ्या अक्षरांत दिसला की आपण त्यावर क्लिक करतो. मग कधी काहीच उघडत नाही, तर कधी मुलाचंच खातं उघडतं.

असं का होतं? घरी दूध कुणाकडून घ्यायचं हे एकदा ठरलं की रोज विचारावं लागत नाही. तसंच पत्र कोणत्या प्रोग्राममधून जायचं हे कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवायचं. यालाच डिफॉल्ट म्हणतात.

थंडरबर्ड नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. तो घ्यायचा आणि त्यात गटाचं ईमेल खातं जोडायचं. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्स आणि त्यात डिफॉल्ट ॲप्स उघडायचं. विंडोज १० असेल तर तिथे ईमेल असं लिहिलेलं दिसतं. त्याखाली थंडरबर्ड निवडायचं. विंडोज ११ असेल तर यादीतून थंडरबर्ड उघडायचं आणि ‘मेलटू’ या शब्दाखालीही तेच निवडायचं.

एवढ्यावर थांबू नका. त्याच थंडरबर्डमध्ये मुलाचंही खातं असेल, तर गटाचा अर्ज मुलाच्या नावानं जाऊ शकतो. बँकेचं उत्तरही मग त्यालाच येणार. तो शिकायला पुण्याला गेलेला असला तर गटाला पत्ताच लागायचा नाही. म्हणून थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये गटाचं खातं निवडून ‘सेट ॲज डिफॉल्ट’ करायचं. तरीही दर वेळी पाठवण्याआधी वरची ‘फ्रॉम’ची ओळ वाचायची. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो ना, तीच ही ओळ.

आता एक पत्र आपल्याच गटातल्या बाईला पाठवून बघा. ते ‘सेंट’मध्ये दिसलं आणि तिला मिळालं, म्हणजे काम झालं. ‘ड्राफ्ट्स’मध्ये दिसलं तर ते लिहून ठेवलंय, गेलेलं नाही. ‘आउटबॉक्स’मध्ये असेल तर ते अजून जायचंय, इंटरनेट चालू आहे का बघा. कर्जाच्या अर्जाला शेवटची तारीख असते, तेव्हा हे बघणं चुकवू नका.

आणखी एक. खात्याचा पासवर्ड दोघींना माहीत असू द्या, अध्यक्षांना आणि सचिवांना. खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही गटातल्याच बाईचा हवा. सचिव बदलली की त्याच बैठकीत पासवर्ड बदला, नंबरही बदला आणि तसं इतिवृत्तात लिहा. बँकेच्या खात्यावर सह्या कुणाच्या हे आपण जपतोच. ईमेलचं खातंही तसंच जपू या.

येत्या बैठकीत हा विषय घ्याच.