मूळव्याध समजून गेलेले महिने

(शहापूर-मुरबाड भागातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)

मध्य रेल्वेच्या लोकलच्या डब्यांत मूळव्याध आणि भगंदर हमखास बरे करून देण्याच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. शहापूर वा मुरबाडच्या मजुराला शौचावाटे रक्त जाऊ लागले की त्याला सुचणारे पहिले निदान याच जाहिरातीतले असते. बहुतेकदा ते खरेही ठरते. परंतु काही जणांच्या बाबतीत ते रक्त गुदाशयाच्या किंवा गुदमार्गाच्या कर्करोगाचे असते, आणि जडीबुटीत व मलमात गेलेले महिने मग परत मिळत नाहीत.

अमेरिकेतील नोंदी पाहाव्यात. रोग गुदाशयापुरता असताना सापडला तर दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षे जगतात. तो यकृत-फुप्फुसांत पसरल्यावर सापडला तर दहांत दोघेही नाहीत. हा रोग म्हाताऱ्यांचाच, हाही भ्रम आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या गुदाशयाच्या कर्करुग्णांत पन्नाशीच्या आतले पुष्कळ असतात. निदानाची पहिली पायरी मात्र अतिशय स्वस्त आहे. डॉक्टरने हातमोजा घालून बोटाने तपासणी करावी, एवढेच. ती होत नाही, कारण रुग्ण लाजतो आणि डॉक्टरला घाई असते. सरकारी तपासणी मोहिमेतही तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचेच कर्करोग आहेत.

उपचार पूर्वीसारखे क्रूर राहिलेले नाहीत. 1908 साली इंग्लंडच्या माइल्स यांनी गुदद्वारासह गुदाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. मग आयुष्यभर पोटावरच्या छिद्रातून पिशवीत मल. 1974 साली अमेरिकेत नायग्रो यांनी दाखवले की गुदमार्गाचा कर्करोग किरणोपचार व औषधे यांनीच विरघळू शकतो. आज त्या रोगाच्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. गुदाशयाच्या रोगात ती सहसा लागते, पण आधी किरणोपचार देऊन अनेकांचे गुदद्वार वाचवता येते.

प्रश्न आहे दिवसांचा. किरणोपचार, ज्याला रुग्ण ‘शेक’ म्हणतात, आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे घ्यावा लागतो. मुरबाडला रेल्वे नाही, एस.टी.ने कल्याण, तेथून लोकलने परळ, आणि संध्याकाळी तीच वाट उलटी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च मिळतो, बुडालेली मजुरी मिळत नाही. आवणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस आणि त्याच्या सोबतीचा दुसरा, असे दोन हात शेतातून जातात. कातकरी कुटुंब तर वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन बसलेले असते. त्याला रजा कोण देणार? उपचार अर्धवट सुटतो तो इथे, अज्ञानामुळे नव्हे.

गुदाशयाच्या रोगात शस्त्रक्रियेपूर्वी पाचच दिवसांत शेक पूर्ण करण्याची पद्धत आहे. तिने रोग उलटण्याचे प्रमाण घटते आणि आयुष्य वाढते, हे स्वीडनमधील मोठ्या चाचणीने 1997 साली दाखवले. ती सर्वांना लागू पडत नाही, निर्णय डॉक्टरांचाच. पण सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाच दिवस आणि पंचवीस दिवस यांतला फरक मजुराच्या घरी फार मोठा असतो.

लोकांना आधी सांगितले तर ते लवकर येतात, हे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने दाखवले आहे. तेथे 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कर्मचारी गावोगाव जाऊन लक्षणे सांगत. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण लवकरच्या अवस्थेत येऊ लागले.

आणि पिशवी घेऊन घरी परतलेल्यांचे काय? तिला रोज स्वच्छ पाणी लागते. शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात, आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तेव्हा ग्रामीण रुग्णालयात पिशव्या मोफत मिळाव्यात आणि अशा रुग्णाच्या घरी टँकरचे पाणी आधी उतरावे, या दोन मागण्या तहसीलदारांकडे लेखी द्याव्यात.