ध्वजाची दोरी आपल्या हाती

(सारंगखेडा येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



तापीच्या काठी वसलेल्या या सारंगखेड्यात मार्गशीर्षात दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. अशा वेळी ज्याचे त्याचे निशाण ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे उभे राहते. आज मी ज्या ध्वजाविषयी बोलणार आहे, तो मात्र कोणा एका पंथाचा, जातीचा वा पक्षाचा नाही. तो राष्ट्राचा ध्वज आहे. तो कसा लावावा, कसा उतरवावा, कसा जपावा, हा विषय कोणाला किरकोळ वाटेल. परंतु ज्यांच्या वाडवडिलांना गावच्या चावडीची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांनी तरी तो किरकोळ मानू नये.

या ध्वजासाठी जीव गेले आहेत, आणि ते ठिकाण येथून दूर नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार शहरात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा विद्यार्थी पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा ही मुलेही गेली. आपली मुले शाळेत ज्या ध्वजाला वंदन करतात, त्याची किंमत त्यांना या पाच नावांनिशी सांगा.

दुसरी गोष्टही त्यांना सांगा. स्वतंत्र भारताचा ध्वज ठरविण्यासाठी १९४७ च्या जूनमध्ये संविधान सभेने डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. त्या समितीत परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर हे सभासद होते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ध्वजाचा ठराव मंजूर केला. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरचे निळे चक्र चरख्याचे प्रतीक आहे, असे तो ठराव म्हणतो. परंतु त्या चक्राचे रूप सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्राचे असावे, असेही तोच ठराव सांगतो. ज्या सारनाथला भगवंतांनी पहिला उपदेश केला, तेथील चक्र आज प्रत्येक सरकारी कचेरीवर फडकते. तेव्हा हा ध्वज आपल्याला कोणी दान म्हणून दिलेला नाही. तो घडविण्यात आपल्या उद्धारकर्त्याचा वाटा आहे.

हक्क कोठून आला?

अनेक वर्षे सामान्य नागरिकास ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडून आपल्या घरावर हा ध्वज लावता येत नसे. २६ जानेवारी २००२ पासून भारतीय ध्वजसंहिता अमलात आली आणि सर्व नागरिकांना तो वर्षभर लावण्याची मोकळीक मिळाली. पुढे २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकविणे हा संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातील अभिव्यक्ति-स्वातंत्र्याचाच भाग होय. 'सन्मानपूर्वक' हा शब्द विसरू नका. हक्क आणि नियम एकाच दोरीला बांधलेले आहेत.

कायद्यातला हक्क गावात आपोआप उतरत नाही. १५ ऑगस्ट २०२० रोजी तमिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील आथुपाक्कम गावी लोकांनी निवडून दिलेल्या दलित स्त्री-अध्यक्षेला शाळेत ध्वज फडकवू दिला गेला नाही. ओरड झाली, जिल्हाधिकारी गावात आले, आणि काही दिवसांनी तिनेच ध्वज फडकविला. ध्वजाची दोरी कोणाच्या हाती, हा प्रश्न आजही संपलेला नाही, हे यावरून ध्यानात घ्या. उद्या ती दोरी तुमच्या हाती येईल. त्या वेळी 'यांना रीत ठाऊक नाही' असे म्हणण्याची संधी कोणालाही मिळता कामा नये.

रीत

ध्वजाची लांबी व रुंदी यांचे प्रमाण ३:२ असावे. घरासाठी ९०० मिलिमीटर लांब व ६०० मिलिमीटर रुंद हा आकार सोयीचा. पूर्वी हातकताईचे व हातविणीचे कापडच चालत असे. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेले व पॉलिएस्टरचे कापडही चालते. जुलै २०२२ पासून घरावरचा ध्वज दिवसा व रात्रीही ठेवता येतो.

केशरी पट्टा नेहमी वर. भिंतीवर उभा लावल्यास केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. ध्वज चढविताना झपाट्याने चढवावा. उतरविताना सावकाश, गांभीर्याने उतरवावा. तो जमिनीला टेकू नये, पाण्यात लोळू नये. त्यावर काहीही लिहू नये. 'जयभीम' हे आपले प्राणप्रिय शब्द, पण तेही नाहीत. नेत्याचा फोटो त्यावर चिकटवू नये. कितीही मोठा मनुष्य समोर आला तरी त्याच्यापुढे ध्वज झुकवू नये. मोटारीच्या टपावर वा बाजूंवर तो आच्छादनासारखा पसरू नये.

आता आपल्या घरोघरचा प्रश्न. आपल्याजवळ तीन ध्वज असतात: राष्ट्रध्वज, पंचशील ध्वज आणि निळा ध्वज. तिन्ही आपले, परंतु एकाच काठीवर लावू नयेत. राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याला लागून दुसरा ध्वज नसावा. विहाराच्या आवारात पंचशील ध्वज निराळ्या व आखूड काठीवर, अंतर राखून लावावा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत राष्ट्रध्वज न्यावयाचा असेल, तर तो चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला किंवा इतर ध्वजांच्या ओळीपुढे मध्यभागी असावा. यात पंचशील ध्वजाचा कमीपणा नाही. शिस्त हीसुद्धा शीलाचीच बाब आहे.

६ डिसेंबरला आपले मन भरून येते आणि काही ठिकाणी कार्यकर्ते राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणू पाहतात. तसे करू नका. राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणणे हा शासनाच्या आदेशाचा विषय आहे. शोक दर्शवावयाचा असेल तर आपला निळा ध्वज अर्ध्यावर घ्या. त्याचप्रमाणे घरच्या अंत्ययात्रेत तिरडीवर राष्ट्रध्वज घालू नये. तो मान फक्त शासकीय व सैनिकी अंत्यविधीपुरता आहे.

सन्मान म्हणजे पूजा नव्हे

माता-भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ध्वजस्तंभाला हळदकुंकू लावणे, नारळ फोडणे, कापडावर गंध उमटविणे ही जुन्या सवयीची उरलेली रूपे आहेत. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरातला एक देव काढून तेथे दुसरा बसविण्यासाठी नव्हे. ध्वज देव नाही. त्याला नैवेद्य नको, निगा हवी. फडकण्यापूर्वी त्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास संहितेची हरकत नाही. परंतु काठीच्या टोकावर फुले वा हार मात्र नकोत.

उतरविलेल्या ध्वजाची घडी अशी करावी. ध्वज आडवा धरावा, केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडावा, नंतर पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा दुमडावा की चक्र वर दिसत राहील. घडी दोन्ही तळहातांवर घेऊन कोरड्या, स्वच्छ जागी ठेवावी. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात ती कोंबू नये.

फाटलेला, विटलेला ध्वज फडकवीत ठेवणे हाही अपमानच आहे. मग त्याचे काय करावे? निर्माल्यासारखा तापीत सोडावा काय? मुळीच नाही. उशीचा अभ्रा किंवा पुसणेही त्याचे करू नये. तो एकांतात, अखंड स्थितीत, शक्यतो अग्नीला द्यावा. यासाठी मंत्र लागत नाहीत. घरातील मुलांना जवळ उभे करा व दोन मिनिटे स्तब्ध राहा, एवढे पुरे. १५ ऑगस्ट झाला की रस्त्यावर कागदी ध्वज पायदळी पडलेले दिसतात. आपल्या वस्तीतील मुलांनी त्या संध्याकाळी ते वेचून आणावेत, असा नियम करा. प्लॅस्टिकचे तर विकतच घेऊ नका.

१९७१ च्या कायद्यान्वये ध्वजाचा अवमान करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु कैदेच्या भीतीने जपलेला ध्वज हा गुलामाने जपलेला ध्वज होय. ज्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, त्याच राष्ट्राचे हे निशाण आहे, म्हणून ते आपण जपावयाचे. कोणी दोरी हिसकावली तर कायदा हातात घेऊ नका. लेखी तक्रार करा व हक्क सोडू नका. दोरी हाती आली तर केशरी वर आहे ना, गाठ घट्ट आहे ना, हे आधी पाहा. मग ताठ मानेने ती ओढा.

जयभीम! जय भारत!