दोन कानांचा तिसरा नाद

तंबोरा जुळवितांना जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरांत आल्या, म्हणजे त्यांचा नाद क्षणांत भरतो व क्षणांत ओसरतो. कसलेला गवई खुंटी हळूहळू पिळीत जातो. तसतशी ही भरती-ओहोटी मंद होते, आणि ती थांबली कीं तारा मिळाल्या असें तो जाणतो. एका तारेचीं कंपनें सेकंदास २०० आणि दुसरीचीं २०२ असलीं, तर त्यांच्या लहरी हवेंत सेकंदांतून दोन वेळां एकमेकींस बळ देतात व दोन वेळां एकमेकींचें बळ हरण करतात. या चढउतारास ठोके म्हटलें तर चालेल.

प्रशियांतील पदार्थशास्त्रज्ञ हाइनरिख विल्हेल्म डोव्ह यांस १८३९ सालीं याहून विलक्षण गोष्ट आढळली. जवळच्या दोन स्वरांपैकीं एक केवळ उजव्या व दुसरा केवळ डाव्या कानास ऐकविला, तरीहि ठोके ऐकूं येतात! येथें लहरी हवेंत एकत्र येतच नाहींत. म्हणजे तो तिसरा नाद ऐकणाराच्या मेंदूंतच उपजतो. पुढें १९७३ सालीं जेराल्ड ऑस्टर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत लेख लिहून या प्रकाराकडे शास्त्रज्ञांचें लक्ष पुन्हां वेधलें.

असें कां व्हावें? उजव्या बाजूनें कोणी हांक मारली, तर ती डाव्या कानास किंचित् उशिरां पोंचते. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतो. परंतु मेंदूच्या बुडाशीं दोन्ही कानांची वार्ता जेथें एकत्र येते, तेथील पेशी तेवढ्या फरकावरून हांकेची दिशा ताडतात. दोन कानांत दोन निराळे स्वर गेले, म्हणजे हा फरक सारखा बदलत राहतो, व तोच ठोक्यांच्या रूपानें जाणवतो. या सामर्थ्यास मर्यादाहि आहे. सेकंदास सुमारें १००० कंपनांहून उंच स्वरांत हे ठोके लागत नाहींत. आणि दोन स्वरांत सुमारें ३० कंपनांहून अधिक अंतर पडलें, तर दोन वेगळे स्वरच ऐकूं येतात.

येथवर सर्व निर्विवाद आहे. वाद पुढें आहे. जर्मनींतील येना येथील डॉक्टर हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युत्-लहरींचें टिपण प्रथम घेतलें व १९२९ सालीं तें प्रसिद्ध केलें. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूंत सेकंदास ८ ते १३ आंदोलनांच्या लहरी ठळक दिसतात. गाढ झोपेंत त्या चारांहूनहि मंद होतात. यावरून कित्येकांनीं असें अनुमान बांधलें कीं, एका कानांत २०० व दुसऱ्यांत २१० कंपनांचा स्वर सोडावा, म्हणजे मेंदू दहाच्या ठेक्यावर येईल आणि चित्त शांत होईल. मोबाइल फोनवर ‘बायनॉरल बीट्स’ या नांवानें आज जे नाद मिळतात, त्यांच्यामागें हाच तर्क आहे. कोणी त्यांनीं झोप लागते म्हणतो, कोणी स्मरणशक्ति वाढते म्हणतो, कोणी खिन्नता जाते म्हणतो.

या तर्कांत एक सांधा कच्चा आहे. पाऊस पडतांना लोक छत्र्या उघडतात. म्हणून छत्र्या उघडल्यानें पाऊस पडत नाहीं. विशिष्ट लहरी शांततेच्या सोबतीनें दिसतात, यावरून त्या लहरी उठविल्या कीं शांतता येईलच, असें ठरत नाहीं. शिवाय मेंदू बाहेरच्या ठेक्यामागें कितपत जातो, हाहि प्रश्न आहेच. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेंत अशा १४ प्रयोगांची छाननी केली असतां, ५ प्रयोग या मतास अनुकूल, ८ प्रतिकूल आणि १ संमिश्र असे निघाले.

अनुकूल पुरावाहि नाकारतां येत नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वींच्या भीतीसंबंधीं २००५ सालीं ‘अ‍ॅनेस्थेशिया’ या मासिकांत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत हे नाद ऐकणाऱ्या रोग्यांची चिंता सरासरी २६ टक्क्यांनीं उतरली. ठोक्यांवांचून तसाच ध्वनि ऐकणाऱ्यांची ११ टक्क्यांनीं. कांहींच न ऐकणाऱ्यांची ४ टक्क्यांच्या आंतच. म्हणजे घटकाभर चिंता हलकी होण्यास हें साधन उपयोगी पडूं शकतें, आणि त्या हलकेपणाचा कांहीं वांटा नुसत्या शांतपणें ऐकण्याचाहि असतो. उलटपक्षीं, पोलंडमधील संशोधकांनीं १००० माणसांवर घरच्या घरीं केलेला व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग सावध करणारा आहे. बुद्धीचीं कोडीं सोडवितांना हे नाद ऐकणाऱ्यांचे गुण वाढले तर नाहींतच, उलट घटले.

हें प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलगा बुद्धि तल्लख करण्याच्या आशेनें कानांत नाद घालून जागत बसला, तर खात्रीची गोष्ट जी झोप, ती तो गमावतो आणि बेभरंवशाची पदरीं पाडतो. तोच मुलगा पुस्तक मिटून, दिवा मालवून, अर्धा घटका मंद आवाजांत तो नाद ऐकेल आणि मग निजेल, तर त्यांत तोटा नाहीं.

ऐकावयाचें असल्यास दोन्ही कानांचे हेडफोन हवेत. साध्या ध्वनिवर्धकांतून दोन्ही स्वर हवेंतच मिसळतात व तंबोऱ्याचाच प्रकार होतो. आवाज हळू ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेनें ८० डेसिबलची पातळी आठवड्यास ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानली आहे. वाहन हांकतांना हे नाद ऐकूं नयेत, आणि अपस्माराची व्यथा असणारांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें.

सर्वांत मोठा धोका मात्र नादांत नाहीं, विलंबांत आहे. झोप उडून, अन्नावरील वासना जाऊन, मन आठवडेच्या आठवडे खिन्न राहिलेल्या माणसास घरच्यांनीं हेडफोन देऊन वाट पाहात बसूं नये. चालूं असलेलें औषधहि त्याच्या भरंवशावर बंद करूं नये. अशा वेळीं डॉक्टरांकडे जावें. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र खुला असतो. नादानें दुखणाइतास तासभर विसांवा मिळाला, तर तो आनंदानें घ्यावा. पण उपचाराची जागा त्यास देऊं नये.