सर्वांत कमी कोणाचें?



आजचा विषय ऐकून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हंसूं येईल. ज्याचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं आणि ज्यानें सारा जन्म खडू हातीं धरला, तो मास्तर संगणकांतील तक्त्यांविषयीं काय सांगणार? परंतु निवृत्तीनंतर गांवांतील एका शिष्यवृत्ति-निधीचें काम माझ्याकडे आलें, आणि त्यांत एका साध्या प्रश्नापाशीं मी असा अडखळलों कीं, ती हकीकत आपणांस सांगावीशी वाटते.

निधीच्या शिष्यवृत्त्या तीनचार आहेत. त्यांतील एकीचा नियम असा : नववींतील ज्या मुलीच्या घरचें वार्षिक उत्पन्न सर्वांत कमी, तिचा वर्षाचा शाळेचा खर्च निधीनें उचलावा. तीन वर्षांपूर्वीं सर्व शिष्यवृत्त्यांचे मिळून ३७ अर्ज आले. शेजारच्या एका तरुणानें ते संगणकाच्या तक्त्यांत भरून दिले. एक आडवी ओळ म्हणजे एक अर्ज. उभे रकाने म्हणजे नांव, इयत्ता, उत्पन्न वगैरे.

माहिती अशा तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीला शास्त्राचें रूप दिलें तें आयबीएम कंपनींतील एडगर कॉड यांनीं, १९७० सालीं. पुढें १९७४ सालीं त्याच कंपनींतील चेंबरलिन आणि बॉइस यांनीं तक्त्याला प्रश्न विचारण्याची एक भाषा रचली. तीच आजची एसक्यूएल. तिच्यांत ‘व्हेअर’ म्हणजे अट, आणि ‘मिन’ म्हणजे सर्वांत लहान किंमत.

यांत क्रमाला फार महत्त्व आहे. शाळेच्या पटांगणांत सर्वांत ठेंगणें मूल प्रथम निवडलें आणि मग ‘ही नववींतील मुलगी काय?’ असें विचारलें, तर पहिलींतला एखादा बाळू समोर उभा राहील आणि हातीं कांहींच लागणार नाहीं. आधीं ‘नववीच्या मुलींनो, पुढें या’ म्हणावें, आणि त्यांतून निवडावें. संगणकही तसेंच करतो : अटींत न बसणाऱ्या नोंदी बाजूला सारतो, आणि उरलेल्यांतून एकेकीशीं तुलना करीत लहान किंमत हातीं धरून ठेवतो. शंभर नोंदींना नव्याण्णव तुलना पुरतात.

अट घालून आम्ही प्रश्न विचारला. उत्तर आलें : १०२०००. मला नवल वाटलें. कारण ४८,००० लिहिलेला एका मुलीचा अर्ज मीं स्वतः हाताळला होता. शोध घेतां कळलें कीं, उत्पन्नाचा रकाना संख्येचा नसून अक्षरांचा ठेवला होता. अक्षरें म्हटलीं कीं कोशाचा न्याय लागतो. कोशांत ‘कमलनयन’ हा शब्द ‘खग’ याच्या आधीं येतो. तेथें लांबी कोण पाहतो? तसाच एकानें सुरू होणारा लाखाचा आंकडा चारानें सुरू होणाऱ्या हजारांच्या आधीं बसला. रकाना संख्येचा केला, आणि ४८,००० हें उत्तर आलें.

पण हा झाला नुसता आंकडा. मुलगी कोणती? आंकड्याशेजारीं नांवही मागावें, तर तेथेंही खड्डा आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळीं आंकडा बरोबर देत, परंतु नांव भलत्याच ओळींतलें देऊं शकत, ५.७ या आवृत्तीपासून ती मोकळीक मुळांतच बंद ठेवलेली असते. आम्ही सरळ वाट धरली. आधीं लहान आंकडा काढावयाचा, आणि मग तेवढें उत्पन्न असलेल्या ओळी मागावयाच्या. तर दोन नांवें आलीं, आणि त्यांतलें एक आठवींतल्या मुलाचें! अट आम्ही पहिल्या प्रश्नाला घातली होती, दुसऱ्याला घालावयास विसरलों होतों. दोन्हीं ठिकाणीं अट घातल्यावर एकच नांव उरलें. (दोन मुलींचे आंकडे सारखे निघाले असते, तर दोघींचीं नांवें आलीं असतीं, तेथें निवाडा माणसांनींच करावयाचा.)

पत्र लिहून झालें. रात्रीं सहज कागद मोजले. नववीच्या मुलींचे अर्ज १४. संगणकाला ओळी मोजावयास सांगितल्या, १४. उत्पन्नाच्या रकान्यांतील आंकडे मोजावयास सांगितले, तर १३!

एक रकाना रिकामा होता. त्या मुलीचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीस गेलेले, मुलगी आजीपाशीं. उत्पन्नाचा दाखला काढावयास घरीं कोणी नाहीं. तरुणानें प्रामाणिकपणें जागा कोरी सोडली होती. एसक्यूएलमध्यें या कोऱ्या जागेला ‘नल’ म्हणतात. ती शून्य नव्हे. ‘ठाऊक नाहीं’ एवढाच तिचा अर्थ. आणि ‘मिन’ अशा जागा मुकाट्यानें वगळतो. ‘लाखाहून कमी’ अशी अट घातली, तरी त्या चाळणींतूनही ती नोंद गळते. कारण जें ठाऊकच नाहीं, तें लाखाहून कमी हें खरेंही म्हणतां येत नाहीं आणि खोटेंही नाहीं. संगणकाकडून ना चुकीची सूचना आली, ना उत्तरांत कांहीं कमी दिसलें.

तेथें शून्य भरावें काय, असें एका सभासदानें विचारलें. मीं नको म्हटलें. शून्य भरलें असतें, तर दाखल्यावांचूनच ती मुलगी पहिली आली असती, आणि तो दुसरीवर अन्याय झाला असता. कोरी जागा कोरीच राहूं द्यावी, पण तिची चौकशी निराळी करावी. एसक्यूएलमध्यें त्यासाठीं ‘इज नल’ असा प्रश्न आहे; बरोबरीचें चिन्ह तेथें चालत नाहीं.

पत्र मीं खणांत ठेवलें. ऊसतोडीच्या टोळीकडे निरोप धाडला, वडील चार दिवसांसाठीं आले, दाखला निघाला. आंकडा होता ३६,०००.

पहिल्या मुलीला निधीच्या दुसऱ्या खात्यांतून पुस्तकें दिलीं. तिच्या नांवाचें तें पत्र मीं फाडलें नाहीं, खणांतच आहे. आतां दरवर्षीं मी लहान आंकडा मागण्याआधीं रिकाम्या जागा मोजतों. यंदा नववीच्या मुलींचे अर्ज १७ आहेत आणि उत्पन्नाचे आंकडे १५. उद्यां सकाळीं त्या दोन घरीं जाऊन यावयाचें आहे.