मेजावरचा संगणक आणि हातातला फोन

पीक विम्याचे दिवस आले की आमच्या लोहाऱ्यात काय, शेजारच्या यवतमाळात काय, सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच धांदल असते. काउंटरच्या अलीकडे शेतकरी उभा असतो. त्याच्या हातात फोन, आणि फोनच्या गॅलरीत सातबाराचा, पासबुकाचा, आधारचा फोटो. पलीकडे केंद्रचालक बसलेला, त्याच्यापुढे मेजावरचा संगणक. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून संगणकात उतरतो, इतक्या केबीच्या आत बसेल असा लहान केला जातो, त्याची पीडीएफ होते आणि मग ती पोर्टलवर चढते. पडद्याच्या अर्ध्या भागात सातबारा, अर्ध्या भागात अर्ज. गट नंबर बघायचा, भरायचा. क्षेत्र बघायचं, भरायचं. हेक्टर-आरमध्ये एक आकडा मागेपुढे झाला तर पुढे तो अर्ज कुठे अडकेल याचा नेम नाही.

या कामात दोन्ही यंत्रं लागतात, आणि दोघांचं काम वेगळं आहे. फोन कागद टिपतो, निरोप पोचवतो, ओटीपी घेतो. संगणक दोन कागद शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहू देतो. पण गेल्या पंधरा वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांनी मेजावरचा संगणक फोनसारखा दिसावा, फोनसारखा वागावा, असा आग्रह धरला. मला तो आग्रह चुकीचा वाटतो. ज्यांना संगणकाची सवय कमी आहे, त्यांनाच त्याचा त्रास जास्त होतो, म्हणून आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या ओळखीचा हा संगणक आला कुठून, ते आधी थोडक्यात सांगतो. संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस चालवून दाखवला. पुढे १९८१ साली झेरॉक्स कंपनीने स्टार नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कागद होते, फोल्डर होते. कल्पना सरळ होती. कारकून जसा टेबलावर कागद पसरून काम करतो, तसंच पडद्यावर करता यावं. १९९५च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं आणि पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात स्टार्ट हे बटन बसलं. आपल्याकडे २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगाव पोचले, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं, आणि महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी 'स्टार्टवर क्लिक करा' या वाक्यापासून संगणक शिकली. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले कॅशियर, सगळे.

ते बटन सतरा वर्षं त्या कोपऱ्यात होतं. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ आणलं आणि ते काढून टाकलं. संगणक सुरू केला की पडदाभर रंगीत चौकोन दिसायचे. बोटाने दाबायला सोपे जावेत असे मोठाले चौकोन. एक प्रोग्रॅम उघडला की तो सगळा पडदा व्यापायचा, अगदी फोनवर व्हावं तसं. आणि संगणक बंद करायचा तर? माऊस उजवीकडच्या कोपऱ्यात न्यायचा, तिथे एक लपलेली पट्टी बाहेर येणार, त्यात सेटिंग्ज, सेटिंग्जमध्ये पॉवर, पॉवरमध्ये शट डाऊन. ती पट्टी तिथे आहे याची पडद्यावर काहीही खूण नव्हती.

आता हा संगणक आपल्या भागात ठेवून बघा. लोडशेडिंग झालं, यूपीएस कुईकुई करू लागला, बॅटरी जुनी, हाताशी पाच-सात मिनिटं. अशा वेळी काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायचा असतो, आणि बंद करायचं बटनच नजरेसमोर नाही. हे रूप आखणारे ज्या शहरात बसले होते तिथे वीज जात नसेल. आपल्याकडे जाते. म्हणून बंद करायची जागा डोळे मिटूनही सापडावी लागते.

मायक्रोसॉफ्टने असं का केलं, त्याची कारणं उघड आहेत. २००७ साली आयफोन आला, २०१० साली आयपॅड, आणि लोक मेजावरचा संगणक सोडून देतील ही भीती सगळ्या उद्योगाला बसली. एकच रूप फोनवर, टॅबलेटवर आणि संगणकावर चाललं तर माणसाला एकदाच शिकावं लागेल, हा विचार वाईट नव्हता. तो एकट्या मायक्रोसॉफ्टचाही नव्हता. २०११च्या एप्रिलमध्येच लिनक्स या संगणक प्रणालीवरच्या ग्नोम ३ या रूपाने खिडकी लहान-मोठी करायची बटनं पट्टीवरून काढली होती. त्याच महिन्यात लिनक्सच्याच उबुंटू या आवृत्तीने युनिटी हे नवं रूप सर्वांना दिलं. जुलैमध्ये अ‍ॅपलने मॅकवर आयपॅडसारखी चित्रांची पानं आणली आणि कडेची सरकपट्टी लपवली. ग्नोमवर तर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीच जाहीर टीका केली आणि त्या वेळी ते दुसऱ्या रूपाकडे वळले. जगातल्या निष्णात माणसाला जे अडचणीचं वाटलं, ते नवशिक्याला सोपं कसं वाटणार?

मुख्य फरक हाताचा आहे. बोटाचं टोक साधारण सेंटीमीटरभर जागा अडवतं, म्हणून फोनवरची बटनं मोठी आणि थोडी असतात. माऊसचा बाण एका ठिपक्यावर नेमका टेकतो, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर पुष्कळ गोष्टी एकत्र मांडता येतात. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मोजमाप करून दाखवलं की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. पडद्याचा कोपरा या हिशेबात सगळ्यात सोपा, कारण माऊस कितीही जोरात लोटला तरी बाण तिथेच जाऊन थांबतो. स्टार्ट बटन कोपऱ्यात होतं ते यामुळे इतकं सोयीचं होतं. ऑक्टोबर २०२१मध्ये विंडोज ११ आलं, आणि त्यात हे बटन कोपऱ्यातून सरकून खालच्या पट्टीच्या मधल्या भागात गेलं. फोनवर अंगठ्याला मधली जागा बरी पडते. माऊसला नाही.

आणि उभ्या पडद्याला टच देऊन हा प्रश्न सुटत नाही. समोरच्या उभ्या पडद्याकडे हात लांब करून दिवसभर काम केलं तर खांदा भरून येतो. अ‍ॅपलने मॅकला इतकी वर्षं टचचा पडदा दिला नाही, आणि त्यामागचं हेच कारण कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी २०१०मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आपल्या मुलामुलींची. लोहाऱ्यातली, आजूबाजूच्या खेड्यांतली बहुतेक मुलं आधी फोन शिकली. त्यांच्या हाताचा वेग बघून कौतुक वाटतं. पण त्यांना संगणकावर बसवा आणि विचारा, आत्ता डाऊनलोड केलेलं हॉलतिकीट कुठे आहे? ती गोंधळतात. यात त्यांचा काही दोष नाही. फोनने त्यांना फोल्डर कधी दाखवलाच नाही. आयफोनवर फाइल बघण्याचं अ‍ॅप २०१७ साली आलं, म्हणजे फोन आल्यावर दहा वर्षांनी. फोनवर फोटो गॅलरीत असतो, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असते, आणि ती खरोखर कुठे ठेवली आहे हे कळायची गरज पडत नाही. कार्यालयात मात्र तीच गरज पहिली. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत स्टोअरला किंवा बिलिंगला बसणाऱ्या मुलीला कोणत्या महिन्याचं चलान कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे माहीत असावंच लागतं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलाला उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला वेगवेगळ्या नावांनी ठेवता आला पाहिजे. मेजावरच्या संगणकानेही फोल्डर लपवले, तर ही मुलं ते शिकणार कुठे?

तीच गोष्ट शब्दांची. फोनच्या लहान पडद्यावर जागा नाही, म्हणून तिथे शब्द जाऊन चिन्हं आली. तीन आडव्या रेघा म्हणजे यादी, तीन ठिपके म्हणजे आणखी काही, चक्र म्हणजे सेटिंग. फोनवर ते समजून घेता येतं. पण एकवीस इंची पडद्यावर ढीगभर मोकळी जागा असताना शब्द का पुसायचे? विंडोज ११ने सुरुवातीला खालच्या पट्टीवरची नावंसुद्धा काढली होती. एकाच प्रोग्रॅमच्या चार खिडक्या उघड्या असल्या तरी तिथे एकच चित्र दिसायचं. लोकांनी तक्रारी केल्या आणि २०२३मध्ये नावं ठेवायची सोय परत मिळाली. संगणकाचा मेनू मराठीत करून घेतलेल्या माणसाचं यात दुहेरी नुकसान आहे. शब्द गेले की त्यांच्याबरोबर त्याची मराठीही पडद्यावरून गेली.

फोनकडून घेण्यासारखं काहीच नाही असं मी म्हणत नाही. लिहिलेलं आपोआप साठत राहणं ही वीज जाणाऱ्या गावांसाठी मोठी सोय आहे. कॅमेरा, माइक वापरण्याआधी विचारणं, हेही फोननेच अंगवळणी पाडलं. २०१७ साली गूगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली, तेव्हा कीबोर्डला घाबरणारी कितीतरी वडीलधारी माणसं लिहू लागली. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी तर फोनवरच व्हायला हवी, कारण धुऱ्यावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आहे. शेतात संगणक कोण नेणार? पण लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग मागतात, तो दहा बोटांचा वेग आहे. तो काचेवर येत नाही.

आता वारं फिरल्यासारखं दिसतं. विंडोज ८च्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३मध्ये, मायक्रोसॉफ्टला स्टार्ट बटन परत आणावं लागलं, आणि २०१५च्या विंडोज १०मध्ये जुनी स्टार्टची यादीही आली. फोन आणि संगणक एक करण्याचं स्वप्न उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी एप्रिल २०१७मध्ये सोडून दिलं. आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने आयपॅडलाच खिडक्या दिल्या. हव्या तशा लहान-मोठ्या करा, शेजारी ठेवा, वर शब्दांचा मेनू. टॅबलेटवर खरं काम करायचं म्हटल्यावर त्याला संगणकाकडूनच शिकावं लागलं.

कंपन्या काय करायचं ते करतील. आपल्या हातात काही गोष्टी आहेत, त्या सांगतो. विंडोज ११ असेल तर टास्कबारच्या, म्हणजे खालच्या पट्टीच्या, सेटिंग्जमध्ये जाऊन तिच्यावरची चित्रं डावीकडे घ्या, म्हणजे स्टार्ट पुन्हा कोपऱ्यात येईल. तिथेच खिडक्यांची नावं दिसण्याचीही सोय आहे, ती चालू करा. मॅक वापरत असाल तर सरकपट्टी कायम दिसेल असं करून घ्या. ती लपलेली असली की अर्जाच्या तळाशी असलेलं बटन पुष्कळांना दिसत नाही, कारण खाली आणखी काही आहे हे पडदा सांगतच नाही. आणि कीबोर्डवरचं विंडोजचं बटन दाबून डावा बाण दाबला की चालू खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते.

संगणकाचे वर्ग चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. पहिल्या आठवड्यात चित्रं आणि इंटरनेट बाजूला ठेवा, फोल्डर शिकवा. स्वतःच्या नावाचा फोल्डर करायचा, त्यात कागदपत्रं ठेवायची, दुसऱ्या दिवशी ती शोधून काढायची. जो मुलगा फोनवर सराईत आहे, त्यालाही हे करायला लावा.

सेवा केंद्र चालवणाऱ्या भावा-बहिणींनाही सांगतो. अर्ज भरताना पडदा थोडा शेतकऱ्याकडे वळवा. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून अक्षर मोठं करा. शेजारी सातबारा उघडा ठेवा. गट नंबर आणि क्षेत्र त्याला स्वतःला वाचू द्या, आणि त्याने बरोबर म्हटल्यावरच सबमिट दाबा.